आखूड पावलं

ऑक्टोबरातल्या बर्फावर माझा काडीचाही विश्वास नाही. जानेवारीतला बर्फ निदान उघड उघड वैरी असतो. त्याच्याशी कसं वागायचं ते ठरलेलं असतं. ऑक्टोबरातला मात्र दोन दिवसांच्या पाहुण्यासारखा येऊन बसतो. खाली जमीन गोठलेली नसते, गवत ओलं असतं, कातळ गुळगुळीत असतो, आणि त्यावर हा भुसभुशीत, कशालाच धरून नसलेला. सकाळी सावलीत पिठासारखा, दुपारी उन्हात लगदा, आणि मध्येच ढग आला की त्याच लगद्याची काच. शहरातून आलेली माणसं फोन करून विचारतात, "मावशी, वर बर्फ किती आहे?" मी म्हणते, "किती ते सोडा, कसा आहे ते विचारा." ते हसतात. म्हातारी गंमत करतेय असं त्यांना वाटतं.

मी हेडविगा. ताट्रा पर्वतात, खिंडीच्या खाली, झाडं संपून नुसते दगड उरतात तिथे मी प्रवाशांचा निवारा चालवते. काही खाटा, एक चूल, एक लांब टेबल आणि माझी जीभ, एवढं इथे कायम असतं. बाकी सगळं खालून येतं, आणि तेही माणसाच्या पाठीवर. पीठ, बटाटे, बिअरची पिंपं, गॅसच्या टाक्या. पाठीला लाकडी चौकट बांधायची, तिला आम्ही क्रोश्न्या म्हणतो, आणि डोक्याच्या वर जाईल इतकं सामान तिच्यावर रचून चालू लागायचं. माझा थोरला भाऊ वेंडेलिन हेच करत आला. यावोर गावात त्याला सगळे वेंडो म्हणतात. हमाल म्हटलं तरी त्याला राग येत नाही, उलट छाती फुगते.

पहिल्या बर्फाची आमच्याकडे एक रीत आहे. खालून निवाऱ्याकडे वाटा दोन. उन्हाळी वाट उताराला आडवी, रमतगमत येते. दुसरी घळ. ती नाकासमोर सरळ वर चढते, वेळ निम्मा घेते, म्हणून हमालांची लाडकी. पण बर्फ पडला की खुणा बुजतात, आणि मागून येणारा माणूस डोळे झाकून पुढच्याच्या पावलात पाऊल टाकतो. म्हणून बर्फ पडल्यावर जो पहिला निघेल त्याने माग उन्हाळी वाटेनेच पाडायचा. पाठीवर कितीही ओझं असो, कितीही उशीर होवो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण जो पाळत नाही त्याला माझ्या टेबलावर सूप मिळत नाही. सूट असते ती फक्त निवारा हिवाळ्यासाठी बंद करायच्या दिवशी. त्या दिवशी खालून कोणी यायचं नसतं, मग हमाल खुशाल घळीने येतात.

वेंडोने ही सूट कधीच घेतली नव्हती, कारण त्या दिवशी त्याच्यामागून रेगिना यायची.

रेगिना त्याची बायको. शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. ती अंगाने चिमणीएवढी, आणि बर्फाला भयंकर घाबरायची. हमालाची बायको आणि बर्फाला घाबरते म्हणून गाव तिला हसायचं. पण निवारा बंद करायला ती दर वर्षी वर यायची, बुख्ते, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, घेऊन. चुलीवर उरलंसुरलं शिजायचं, आम्ही पोटभर खायचो, आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीची फळी ती लावायची. तो तिचा मान होता. दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे.

वेंडो ताडमाड उंच. त्याचं एक पाऊल म्हणजे तिची दोन. म्हणून त्या दिवशी तो पुढे जाऊन आखूड पावलांचा माग पाडायचा, प्रत्येक पाऊल दोनदा दाबून. उतारावर तो शिवणीच्या टाक्यांसारखा माग दिसला, की रेगिना येतेय हे मला खिडकीतूनच कळायचं. कोर्नेल त्याला फार छळायचा. कोर्नेल आमचा जुना दोस्त, बचाव पथकातला.

"काय रे वेंडो, लग्नातसुद्धा असाच तुरुतुरु चालत होतास काय?"

"तुझी बायको तुझ्यामागे यायला तयार नाही, त्याला मी काय करू?"

असं सगळं छान चाललं होतं. मग त्याचा गुडघा बिघडला. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं. ईस्टरला त्याने रेगिनाला शब्द दिला की हे वर्ष शेवटचं. आणि सप्टेंबरात, तिच्याच स्वयंपाकघरात, माझ्यादेखत बोलून बसला की पुढच्या वर्षीही वाहीन म्हणतो.

रेगिनाने कढई आदळली. "रात्रभर तुझा गुडघा माझ्या कानाशी कुरकुरतो. झोपेत कण्हतोस. तू त्या दगडांशीच लग्न करायचं होतंस."

"केलंही असतं. पण त्यांना बुख्ते कुठे करता येतात?"

एरवी ती हसली असती. त्या दिवशी हसली नाही. "या वर्षी मी वर येणार नाही," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही बंद करा. खिडकी तूच लाव."

"नको येऊस," तोही म्हणाला. दोघंही हट्टी, दोघांचंही वय झालेलं. पुढे कितीतरी दिवस मीठ दे, दार लाव, याच्यापलीकडे बोलणं नव्हतं. मी मध्ये पडले नाही. नवराबायकोच्या भांडणात पडणाऱ्याला दोन्हीकडून बसतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.

बंद करायच्या आधी दोन दिवस बर्फ पडला. कोर्नेल मदतीला म्हणून त्याच्या आधीच येऊन बसला होता. बंदच्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ झालं, ऊन डोळ्यांत खुपायला लागलं. वेंडो हिवाळी खोलीसाठी गॅसची टाकी आणि फळ्या घेऊन यायचा होता. तो आला तेव्हा मी अजून कोबीचं आंबट सूप ढवळत होते.

"आज लवकरसा?" मी म्हटलं. "पंख फुटले की काय?"

"गुडघ्याला विचार," तो म्हणाला. क्रोश्न्या उतरवून बाकावर बसला आणि पाय लांब केला. तोंड वेदनेने वाकडं झालं होतं, पण ते मला दिसू नये म्हणून तो बुटांच्या नाड्यांशी खेळत राहिला.

कोर्नेलने त्याच्यापुढे चहा सरकवला, त्यात रम होतीच. "बाईसाहेब खरंच येणार नाहीत तर?"

"तिचं नाही म्हणजे नाही," वेंडो म्हणाला. चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "तिच्याशिवाय ती खिडकी नीट बसत पण नाही. मागे एकदा मी लावली होती, हिवाळाभर वाजत राहिली."

आम्ही हसलो. आवराआवरीत दुपार उलटली, वेंडो टेबलावर वाडगे-चमचे मांडायला लागला आणि ऊन गेलं. खिंडीवरून ढग उतरला आणि खिडकीच्या काचा एकदम थंड पडल्या. तेवढ्यात आतल्या खोलीतला फोन वाजला. बिबियाना होती, वेंडोची मुलगी.

"आत्या, आई पोचली का गं?"

"कोण आई?"

"माझी आई! बाबांना सांगू नकोस हं, तिने मला बजावलंय. पहिल्या बसने निघाली. रात्रभर माझ्याकडे बुख्ते करत बसली होती. मी म्हटलं, अगं बर्फ पडलाय, तू एकटी कशी जाशील? तर म्हणाली, मी नाही म्हटलं ते तो थोडंच खरं मानणार आहे? त्याने माझ्यासाठी माग पाडून ठेवला असेल."

मला इतका आनंद झाला की मी फोन नीट ठेवलाही नाही. सांगू नको म्हटलेली गोष्ट पोटात ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही. मी तशीच बाहेर आले.

"वेंडो, चौथा वाडगा काढ. रेगिना येतेय. पहाटेच निघालीय, तुझ्या मागावरून येतेय."

त्याचा चेहरा असा उजळला की क्षणभर मला तो शाळेतला, तिच्या दाराशी घुटमळणारा वेंडो दिसला. मग त्याने चमचा खाली ठेवला, अगदी सावकाश.

"मी घळीने आलो, हेडा."

मी खिडकीकडे धावले. बाहेर ढग दाटत होता.

"मागून कोण येणार होतं?" तो म्हणाला. "सांग ना, मागून कोण येणार होतं?"

कोर्नेल आधीच उठून दोर घेत होता. मी आत जाऊन पथकाला फोन केला. सूप चुलीवरच राहिलं.

घळीच्या माथ्यावर आलो तेव्हा ढग पूर्ण बसला होता. दुपारच्या उन्हात वेंडोची पावलं वितळून पाणी झाली होती, आणि आता त्या प्रत्येक खळग्यात तासाभरापूर्वीच्या पाण्याची काच धरली होती. ओझ्याखालच्या माणसाचा बूट बर्फ फोडून थेट कातळाला टेकतो, म्हणून सकाळी तो चढून आला होता. हलक्या माणसाला तेच पाऊल म्हणजे तेल लावलेली बशी. आम्ही बुटांना लोखंडी काटे लावले, दोराला बांधून घेतलं आणि उतरायला लागलो. वेंडो कोर्नेलला पुढे जाऊ देईना. तो हाका मारत होता. "रेगिना! जिथे आहेस तिथेच थांब गं! हलू नकोस!" ढगात ती हाक चार हातांपलीकडे जात नव्हती.

वरच्या टप्प्यात फक्त त्याचीच पावलं होती. लांब लांब, एका दगडावरून दुसऱ्यावर. मी मनात म्हणत होते की ती इथवर आलेलीच नाही, खाली फाट्यावर घळ बघून मागे फिरली असेल, आता बसमध्ये बसून आपल्या सगळ्यांना शिव्या देत असेल. मी देवाकडे एवढंच मागितलं.

मग एका खळग्यात लहान बुटाचा ठसा दिसला.

त्याच्या मोठ्या पावलाच्या बरोबर आत. शेजारी गुडघा टेकल्याची खूण, आणि वर, पुढच्या पावलाच्या काठाला, पाच बोटं. पुढचं पाऊल फार लांब होतं. तिने ते गाठायचा प्रयत्न केला होता. तिथून एक गुळगुळीत पट्टा डावीकडे कातळाच्या उतरणीवर गेला होता आणि ढगात दिसेनासा झाला होता.

ती कातळाच्या पायथ्याशी मिळाली. गेली होती. कोर्नेलने तिच्या मानेला हात लावला, मग आपलं जाकीट काढून तिच्यावर घातलं, आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. वेंडो तिच्याजवळ बसला आणि तिच्या केसांतला बर्फ काढत राहिला. एकेक कण. ती आता कसलाही बर्फ वितळवणार नव्हती हे त्याला कळत नव्हतं असं नाही. मी तिची पिशवी उघडली, का ते आजही सांगता येणार नाही. बुख्ते फडक्यात बांधलेले, एकही मोडला नव्हता. त्यांच्याखाली मेंढीच्या लोकरीचे, घरी विणलेले दोन जाड गुडघेपट्टे होते. म्हणजे तिने हार मानली होती. पुढच्या वर्षीही तो वाहणार हे तिने मान्य केलं होतं, आणि तेच सांगायला ती येत होती.

मी ते पट्टे वेंडोच्या हातात दिले. त्याने घेतले, बघितले आणि कोटाच्या आत ठेवले. रडलो ते आम्ही दोघं, मी आणि कोर्नेल.

खालून पथक स्ट्रेचर घेऊन आलं. पुढचा दांडा वेंडोने धरला आणि कोणालाही बदलू दिला नाही. घळ संपली, उतार मवाळ झाला, ढगही वर राहिला. तिथे खाली फाट्यापासून आलेला सकाळचा माग अजून स्वच्छ दिसत होता. वेंडो थांबला. त्याच्यामागे सगळे थांबले.

तिथली पावलं आखूड होती. जवळजवळ, नेटकी, शिवणीच्या टाक्यांसारखी. आणि प्रत्येकात रेगिनाचा लहान बूट, एकही पाऊल चुकलेलं नाही.

"गुडघा दुखत होता," वेंडो म्हणाला. कोणाला सांगत होता कोण जाणे. "इथे मला पाऊल उचलवत नव्हतं, म्हणून आखूड टाकत होतो. वर दगडच लांब लांब, तिथे ताणावंच लागलं. तिला वाटलं, तिच्यासाठी."

फाट्यावर उभी असताना तिने काय पाहिलं ते माझ्या डोळ्यांपुढून आजही हलत नाही. उन्हाळी वाट कोरी, आणि घळीकडे वळणारी ती छोटी छोटी पावलं. घळीचं भय वाटलंच असेल तिला. पण ज्या माणसाने जन्मभर तिच्या बेताची पावलं टाकली, त्याने आजही टाकली होती, भांडण असतानासुद्धा. तिचा सगळा राग तिथेच गळून पडला असणार. हसलीही असेल. त्या खुशीतच ती घळीत शिरली.

हिवाळा कसा गेला ते मी सांगत नाही. गावात एकजण म्हणाला, बाईने काटे न लावता जायलाच नको होतं. त्याला मी दारातून असा हाकलला की तो अजून माझ्या गल्लीतून जात नाही. खरं म्हणजे मीही तिच्यावर चिडलेलीच आहे. दर रविवारी तिच्या थडग्याशी उभी राहून मी तिला फटकारते. मूर्ख बाई, नाही म्हटलं होतंस ना? मग एकदा तरी आपल्या शब्दाला जागायचं होतंस! मग घरी येते आणि जेवण जात नाही.

वेंडोला कोर्नेलने परोपरीने समजावलं. उन्हाळी वाटही त्या दिवशी वाईटच होती, तिथेही घसरली असती. वेंडो ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. मी म्हटलं, आता ओझं पुरे, मी दुसरी दोन माणसं बघितली आहेत. त्यावरही मान हलवली, आणि जूनमध्ये बटाट्यांची पोती घेऊन माझ्या दारात हजर. उन्हाळाभर वाहत राहिला. घळीने एकदाही आला नाही, भर जुलैत, कोरड्या दगडांवरूनसुद्धा नाही.

या ऑक्टोबरात पुन्हा बर्फ पडला. मी आधीच ठरवून टाकलं होतं की बंद करायच्या दिवशी कोणी नको. ते बुख्ते नकोत, ते जेवण नको. बिबियानाला, कोर्नेलला, सगळ्यांना फोन करून सांगितलं की येऊ नका, माझं मी आवरेन. वेंडोलाही सांगितलं. गॅस भरपूर आहे, फळ्या आहेत, घरी बस.

सकाळी खिडकीतून पाहिलं तर उन्हाळी वाटेवर एक काळा ठिपका. पाठीवर क्रोश्न्या, डोक्याच्या वर गेलेलं ओझं. ठिपका पुढे सरकतोय की नाही तेच कळत नव्हतं. मी सूप चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. तो आला तेव्हा दुपार उलटून गेली होती. विजारीवरून ते लोकरीचे गुडघेपट्टे बांधलेले, आणि ओठ दुखण्याने पांढरे पडलेले.

तो टेबलाशी बसला आणि मी दाराबाहेर जाऊन बघितलं. संपूर्ण उतारावर, पार खालच्या फाट्यापासून माझ्या पायरीपर्यंत, आखूड आखूड पावलं. प्रत्येक दोनदा दाबलेलं, काठ बुटाने नीट कापून सपाट केलेला.

माझं डोकं फिरलं. आत येऊन त्याच्यावर ओरडले. "एवढं ओझं, असा गुडघा, आणि असली पावलं? कोणासाठी रे? मी सगळ्यांना नको म्हणून सांगितलंय. खालून कोणी येणार नाही, वेंडो. एकही माणूस येणार नाही!"

त्याने चमचा वाडग्यात ठेवला.

"गेल्या वर्षीही कोणी येणार नव्हतं," तो म्हणाला.

मी त्याच्यासमोर बसले. मग आम्ही सूप प्यायलो. अंधार पडेपर्यंत एकेक करून सगळ्या फळ्या लावल्या. स्वयंपाकघराची खिडकी तेवढी राहिली. तिला हात लावायला दोघांपैकी कोणीच उठलं नाही.